गोळीला कडक गाठ लागतेय पण दुखत नाही, कोणत्या डॉक्टरला दाखवू?

चाकणचा_पाहुणा

नमस्कार मंडळी. नेहमीच्या आयडीने विचारायची हिंमत नाही म्हणून नवीन आयडी काढलाय, समजून घ्या. वय २६, चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे, रूमवर आम्ही चौघं राहतो. विषय असा की आंघोळ करताना डाव्या गोळीला (म्हणजे वृषणाला) काहीतरी कडक लागलं. आधी सोडून दिलं, तिथं नीट लक्ष देऊन कोण बघतं. पण मग मुद्दाम चाचपून बघितलं तर हरभऱ्याच्या दाण्याएवढं काहीतरी आहे. दाबलं तर दुखत नाही, सूज नाही, लघवीला जळजळ नाही, ताप नाही. उजवीकडे तसं काही नाही. गोळीच्या आत आहे का बाहेरून चिकटलंय हे काय सांगता येईना, कधी वाटतं मागच्या बाजूला आहे, कधी वाटतं गोळीचाच भाग आहे. आता दिवसातून सतरा वेळा दाबून बघतोय आणि त्याने अजूनच काही कळेनासं झालंय.

घरचा डॉक्टर म्हणजे गावाकडचे आमचे डॉक्टरकाका, वडिलांचे शाळेपासूनचे दोस्त, संध्याकाळचा चहा रोज एकत्र. त्यांना फोन केला की रात्रीच्या जेवणाआधी आईला कळणार. अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर म्हणतात तसं झालंय, इथं जावई नाही एवढंच. त्यात घरात स्थळं बघणं चालू आहे, दिवाळीनंतर उरकायचं म्हणतायत, आणि असलं काही बाहेर गेलं तर गावात काय बोलतील ते वेगळं सांगायला नको.

तर विचारायचं असं की नक्की कोणाला दाखवायचं, स्किनवाला की युरोलॉजिस्ट की साधा एमबीबीएस? तपासताना काय करतात, पूर्ण कपडे काढावे लागतात का? समोर लेडी डॉक्टर निघाली तर? साधारण खर्च किती? गूगल करून बसलो तर पहिल्याच पानावर कॅन्सर आला आणि तेव्हापासून झोप नाही. प्लीज हसू नका.

मिसळ_बिनतर्री

कोणी हसत नाही भावा, इथले निम्मे लोक हे वाचता वाचता हात खिशात घालून चेक करत असतील. युरोलॉजिस्ट. चाकणला नसला तर पिंपरी-चिंचवडला पाहिजे तेवढे आहेत. युरोलॉजिस्टची अपॉइंटमेंट लांबची मिळत असली तर जनरल सर्जन पण चालतो, तो पण हे रोज बघतो. स्किनवाल्याकडे जाऊ नको, त्याचं हे काम नाही. आणि हात जोडून सांगतो, लोकलच्या रुळाकडेच्या भिंतींवर ज्यांच्या जाहिराती असतात ना, गुप्तरोग, शर्तिया इलाज, फक्त मंगळवारी अमुक लॉजवर भेटा, त्या लोकांकडे चुकूनही नको. ते गाठ बघणार नाहीत, तुझं पाकीट बघतील.

आणि दाबणं बंद कर आधी. दाबून दाबून नसलेलं दुखणं चालू होईल.

सर्जन_तालुक्याचा

मी तालुक्याच्या गावी जनरल सर्जन आहे, कॅन्सरवाला नाही. ऑनलाइन निदान करणार नाही आणि कोणी करत असेल तर ऐकू नका. पण तुम्ही जे लिहिलंय त्यातला कळीचा प्रश्न तुम्हीच विचारलाय, गाठ गोळीच्या आत आहे की बाहेर.

गोळीच्या मागच्या बाजूला वरून खाली जाणारी एक मऊ लांबट वळी असते, तिला एपिडिडायमिस म्हणतात. ती प्रत्येकाला असते. ओपीडीला घाबरत येणारी बरीच पोरं तीच धरून आलेली असतात. त्याच भागात पाण्याची छोटी गाठ होते, सिस्ट, ती बहुतेक वेळा काही करावी लागत नाही. डाव्या बाजूला वरच्या अंगाला फुगलेल्या शिरांचा गुंता लागतो, तो व्हेरिकोसील, उभं राहिलं की जास्त जाणवतो आणि आडवं झालं की कमी होतो. सगळीच पिशवी फुगली असेल तर हायड्रोसील, म्हणजे गोळीभोवती पाणी साठणं, किंवा हर्निया. दुखतंय, ताप आहे, लघवीला जळजळ आहे तर बहुधा इन्फेक्शन. हे सगळं मिळून जे येतं त्यात कॅन्सर फार थोडा. आपल्याकडे तर हा आजार वर्षाला लाख पुरुषांत एकाला पण होत नाही इतका कमी आहे.

आता दुसरी बाजू. गोळीच्या आतच, तिच्या मांसात कडक गाठ असेल तर आम्ही ती दुसरं काही सिद्ध होईपर्यंत ट्यूमर धरूनच चालतो. वय १५ ते ४० म्हणजे ऐन तरुणपण, बाकीच्या कॅन्सरसारखा म्हातारपणी होणारा हा नाही. आणि दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नये, हा आजार सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. कमी दिसतो म्हणूनच तो आमच्या लोकांकडून सुटतो हेही खरं. इन्फेक्शन समजून अँटिबायोटिकचा कोर्स देतात, मग दुसरा देतात, मग तिसरा. एक कोर्स नीट पूर्ण झाला आणि गाठ किंवा सूज गेली नाही तर दुसरा कोर्स मागू नका, सोनोग्राफी मागा.

तपासणीचं विचारलंत. पँट आणि अंडरवेअर गुडघ्यापर्यंत, शर्ट अंगावरच. आडवं झोपवून बघतो, मग उभं करून, खोकायला लावतो हर्नियासाठी. दोन्ही गोळ्या बघतो, आधी चांगली बाजू मग तक्रारीची, पोटावर हात ठेवून बघतो, मानेत गाठी आहेत का बघतो. लाइट बंद करून खालून टॉर्च धरतो, पाणी असेल तर लालसर उजेड पलीकडे दिसतो, भरीव असेल तर अंधार. हे घरी मोबाइलच्या टॉर्चने करून स्वतःला सर्टिफिकेट देऊ नका, कधी कधी गाठीभोवतीच पाणी साठलेलं असतं आणि उजेड छान दिसतो. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम. त्यानंतर सोनोग्राफी, डॉपलरसकट, म्हणजे रक्तपुरवठाही दिसतो. त्यात शंका आली तर रक्ताच्या तीन तपासण्या, एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच. त्या नॉर्मल आल्या म्हणजे सुटलो असं नाही, सेमिनोमा नावाच्या प्रकारात त्या बऱ्याचदा नॉर्मलच असतात.

एक गोष्ट मात्र पाठ करून ठेवा. गोळीतल्या संशयाच्या गाठीत कोणी 'जरा सुई घालून बघू' म्हणालं तर नको म्हणा आणि दुसरं मत घ्या. गोळीचा लसीकेचा (लिम्फचा) निचरा वर पोटात, महारोहिणी या मोठ्या रक्तवाहिनीजवळच्या लसीकागाठींकडे (लिम्फ नोड) जातो, आणि पिशवीच्या कातडीचा जांघेतल्या लसीकागाठींकडे. सुई कातडीतून घातली की कॅन्सर पसरायला बंद असलेला दुसरा रस्ता आपणच उघडून देतो. म्हणून ऑपरेशन पण जांघेतून करतात, पिशवी कापून नाही.

आणि हे तुम्हाला लागू नाही पण वाचणाऱ्या पोरांसाठी. अचानक प्रचंड कळ आली, उलटी आली, गोळी वर ओढल्यासारखी झाली तर ते गोळीला पीळ पडणं असू शकतं. तिथं सकाळची वाट बघायची नाही, अपॉइंटमेंट घ्यायची नाही, सरळ कॅज्युअल्टी. सहा तासांच्या आत पीळ सोडवला तर गोळी वाचायची चांगली शक्यता, पुढे प्रत्येक तासाला ती कमी होते.

एकांडा_शिलेदार

आयडीवरून कळलं असेलच. उजवी बाजू, सेमिनोमा, स्टेज एक, तेव्हा वय ३१. आता पस्तिशी ओलांडली, ठणठणीत.

मला गाठ अशी कळलीच नव्हती, उजवी बाजू जड वाटायची, बाइकवर बसताना अडचण व्हायची बस. पहिल्या डॉक्टरने न बघताच, म्हणजे पँटवरूनच, इन्फेक्शन म्हणून गोळ्या लिहून दिल्या. कोर्स संपला तरी जडपणा तसाच. मग बायकोच्या, म्हणजे तेव्हा होणाऱ्या बायकोच्या मामेबहिणीने, ती फिजिओथेरपिस्ट आहे, थेट युरोलॉजिस्टचा नंबर पाठवला आणि खाली लिहिलं 'लाजू नका भावोजी, त्यांना रोज तेच बघायचंय'. त्या माणसाने तपासलं तेव्हा त्याचा चेहरा बघूनच मला कळलं की आता हा सोनोग्राफी आजच करा म्हणणार.

ब्लड टेस्टची गंमत सांगतो. लॅबमध्ये चिठ्ठी दिली, काउंटरवरच्या मुलीने बीटा एचसीजी वाचलं आणि गोड हसून म्हणाली 'अभिनंदन सर, मॅडम कुठायत?' म्हटलं मॅडम नाहीत, मीच आहे. बिचारी आत जाऊन मॅनेजरला घेऊन आली. ही टेस्ट बायकांना दिवस राहिले का बघायला करतात तीच आहे, काही प्रकारच्या ट्यूमरमध्ये तेच हार्मोन तयार होतं. माझ्या रिपोर्टवर नॉर्मल रेंजच्या जागी गरोदरपणाचे आठवडे छापून आले होते, अजून जपून ठेवलाय.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टर म्हणाले स्पर्म बँकिंग करून घे. एक गोळी काढल्याने मूल व्हायला किंवा संसाराला अडचण येत नाही, दुसरी चांगली असेल तर ती दोघींचं काम करते, पण पुढे केमो लागली तर हाताशी असलेलं बरं. मला त्या तपासणीपेक्षा त्या खोलीची आणि त्या डबीची जास्त लाज वाटली होती, खरं सांगतो. पण केलं. कोणाला वेळ आली तर हे स्वतःहून विचारा, सगळे डॉक्टर आठवणीने सांगतातच असं नाही.

ऑपरेशन जांघेतून, हर्नियाला असतो तसा चिरा. दुसऱ्या दिवशी चालायला लावलं. सिलिकॉनची नकली बसवू का विचारलं होतं, मी नको म्हटलं, काही जण बसवतात, ज्याची त्याची मर्जी. मग सीटी स्कॅन, छाती आणि पोट, कुठे पसरलेलं नव्हतं. पुढे दोन रस्ते दिले, एक तर कार्बोप्लॅटिन नावाच्या औषधाचा डोस नाहीतर काहीच न देता ठरलेल्या तारखांना स्कॅन आणि रक्त करत राहायचं. मी दुसरा घेतला. त्यासाठी परळला टाटाला सेकंड ओपिनियन घेतलं होतं. तिथला तो दिवस लक्षात राहिला, बाहेर फुटपाथवर बंगाल-बिहारपासून आलेली माणसं, कोणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेलं, आणि त्या सगळ्यात माझी केस म्हणजे डॉक्टरांच्या लेखी जवळपास सोपी. तसं त्यांनी बोलून पण दाखवलं.

सोपी का तर हा असा कॅन्सर आहे जो पसरलेला असला तरी बऱ्याच वेळा पूर्ण बरा होतो, आणि लवकर सापडला तर शंभरातले पंच्याण्णवच्या वर बरे होतात. १९७० च्या आधी असं नव्हतं, पसरला की संपलं. मग सिस्प्लॅटिन आलं, प्लॅटिनम धातूपासून बनवलेलं औषध, आणि अमेरिकेत इंडियानाच्या डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी १९७४ पासून ते या पेशंटना दिलं. लान्स आर्मस्ट्राँग सायकलवाला १९९६ मध्ये पंचविसाव्या वर्षी पोट, फुप्फुस आणि मेंदूपर्यंत पसरल्यावर तिथूनच बरा झाला, पुढे डोपिंगमध्ये त्याचे सातही किताब गेले तो भाग वेगळा. आणि आपला युवराज. त्याला झालेला तोही सेमिनोमाच, फक्त जागा वेगळी, दोन फुप्फुसांच्या मध्ये. २०१२ मध्ये केमो घ्यायला तो इंडियानापोलिसला गेला ते याच आइनहॉर्न यांच्याकडे, आणि त्याच वर्षी परत टी-ट्वेंटी खेळला. मला हे सगळं ऑपरेशनच्या आदल्या रात्री वाचून जरा बरं वाटलं होतं म्हणून लिहिलं.

स्थळाचं म्हणशील तर, आमचं ठरलेलं होतं आणि मी तिला रिपोर्ट हातात आल्या दिवशी सांगितलं. तिच्या घरी थोडी कुजबुज झाली, आत्याबाईंनी पत्रिका परत बघायला लावली. लग्न झालं. मुलगी आता बालवाडीत जाते, फ्रीजरमधलं वापरायची वेळ आलीच नाही. पण तुझं अजून काही ठरलेलंच नाही, गाठ काय आहे तेही माहीत नाही, तू आत्तापासून गावाचं कशाला डोक्यात घेतोस? आधी सोनोग्राफी.

निसर्गमित्र

एवढं घाबरायचं काही नाही. एरंडाचं पान तेल लावून गरम करून रात्री बांधा, लंगोट वापरायला सुरुवात करा, कांचनार गुग्गुळ दोन वेळा. आमच्या आजोबांची गाठ अशीच गेली होती. हे लोक सोनोग्राफीच्या नावाखाली घाबरवून ऑपरेशन टेबलवर नेतात.

सर्जन_तालुक्याचा

निसर्गमित्र, तुमच्या आजोबांची गाठ कसली होती हे कोणी बघितलं होतं का? हायड्रोसील असेल, सूज असेल, काहीही असेल. लंगोटाला माझी हरकत नाही, जड वाटत असेल तर आधाराने बरं वाटतं. काढा-गुग्गुळाशी पण माझं भांडण नाही, तुमच्या वैद्यांना विचारून घ्या. पण आधी सोनोग्राफी, मग पान. पान बांधून दोन-तीन महिने वाट बघितली आणि आत दुसरंच काही निघालं तर जे जांघेतल्या एका चिऱ्यात भागलं असतं त्याला केमोच्या सायकल लागतात. आणि गरम शेक लावताना तिथली कातडी भाजलेले पेशंट मी बघितलेत, ती कातडी फार पातळ असते.

चंद्रपूरची_ऊन

आमच्याकडे वेगळाच प्रॉब्लेम आहे भाऊ. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा इकडे हत्तीरोगाचा भाग, त्यामुळे खाली फुगलं की लोकं म्हणतात हायड्रोसील आहे, त्यात काय दाखवायचं, मामाला होतं, काकाला होतं, शिबिर लागलं की करून घेऊ. सरकारी माणसं दरसाली घरी येऊन समोर उभं राहून हत्तीरोगाच्या गोळ्या गिळायला लावतात ते चांगलंच आहे, पण त्याने झालं असं की बाकी कोणता आजार तिथं होऊ शकते हे कोणाच्या डोक्यातच येत नाही. माझ्या मित्राचं हायड्रोसीलच निघालं, पण कॅम्पच्या डॉक्टरने आधी सोनोग्राफी केल्याशिवाय हात लावला नाही, त्याला राग आला होता की एवढा वेळ का लावून राहिले. आता हे वाचून समजलं का लावत होते ते.

पैशाचं पण सांगतो. जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजला केस पेपर काढला की तपासणी आणि सोनोग्राफी जवळपास फुकटात होते, वेळ जाते फक्त. काही मोठं निघालं तर महात्मा फुले योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं आणि केमो बसते, रेशन कार्ड आणि आधार घेऊन त्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटायचं. आणि पाहुणा भाऊ, तुझा पगारातून ईएसआयसी कटत असेल तर ते कार्ड काढ बाहेर, तुझ्या हक्काचं आहे.

काउंटरवरची_ताई

मी काही वर्षं एका सोनोग्राफी सेंटरला रिसेप्शनला होते म्हणून लिहितेय, मुली इथं बोलल्या तर चालतं ना 😀

दादा, काउंटरला येऊन तुम्हाला तोंडाने काहीच सांगावं लागत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी पुढे सरकवायची, त्यावर यूएसजी स्क्रोटम (म्हणजे त्या पिशवीची सोनोग्राफी) लिहिलेलं असतं, आम्ही तेवढंच वाचतो आणि पावती फाडतो. पुरुष पेशंट येऊन इकडे तिकडे बघत कानात बोलायला जायचे आणि मग शेजारच्या खुर्चीवरचे सगळे कान टवकारायचे, त्यापेक्षा चिठ्ठी बरी. चिठ्ठी नसताना फोन करून 'ते खालचं करता का' असं विचारणारे पण खूप, तेव्हा आम्हाला पण कळायचं नाही खालचं म्हणजे काय, पाय का पोट.

या सोनोग्राफीला पोटाच्या सोनोग्राफीसारखं पाणी पिऊन लघवी तुंबवून बसावं लागत नाही, उपाशी पण यावं लागत नाही. आत टॉवेल किंवा चादर देतात, लागेल तेवढाच भाग उघडा ठेवतात. जेल गार असते, दचकू नका. दहा-पंधरा मिनिटं. लेडी रेडिऑलॉजिस्ट नको असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगायचं की सर असतील तेव्हाची वेळ द्या, कोणी का म्हणून विचारत नाही, बायका पण तेच सांगतात आणि त्यांना देतात तशी तुम्हालाही देतील. खर्च शहराप्रमाणे बदलतो, आमच्याकडे हजार-दीड हजाराच्या आसपास असायचा. आणि मोबाइल नंबर स्वतःचा द्या हं, वडिलांचा नको, रिपोर्ट तयार झाल्याचा मेसेज त्याच नंबरवर जातो. यावरून एकाच्या घरी झालेला गोंधळ मी बघितलाय.

लेस्टरचा_बंड्या

इकडे इंग्लंडमध्ये जिमच्या चेंजिंग रूममध्ये, ऑफिसच्या टॉयलेटच्या दाराच्या आतून पोस्टर असतात, महिन्यातून एकदा गरम पाण्याने आंघोळ झाल्यावर दोन्ही बाजू अंगठा आणि बोटांमध्ये हलकेच फिरवून बघा म्हणून. गरम पाण्याने कातडी सैल पडते त्यामुळे नीट कळतं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं काय हा उघडेपणा. मला पण एकदा शंका आली, जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, गेलो तर समोर माझ्याहून लहान दिसणारी डॉक्टर बाई. ती शांतपणे म्हणाली हवं तर दुसरं कोणी खोलीत थांबेल, मी म्हटलं नको, दोघांपुरतंच राहू द्या. अर्जंट रेफरल दिलं, सोनोग्राफी झाली, व्हेरिकोसील निघालं. काही करायला नको म्हणाले. बाकी पाहुण्या, सतरा वेळा नाही रे, महिन्यातून एकदा!

चाकणचा_पाहुणा

अपडेट द्यायला आलोय. सगळ्यांचे रिप्लाय वाचले, काही तर शिफ्टला असताना वॉशरूममध्ये जाऊन वाचले. शिलेदार दादा तुमची लॅबवाली गोष्ट वाचून एकटाच हसलो, रूममेट विचारत होते काय झालं.

युरोलॉजिस्टला दाखवलं. सुटी टाकली नाही, सेकंड शिफ्ट होती म्हणून सकाळीच गेलो. वेटिंगला सगळे म्हातारे बाबा, प्रोस्टेटवाले, मी एकटाच पोरगा. एका आजोबांनी विचारलं 'मुतखडा का रे?' मी म्हटलं हो. ते मग आत नंबर लागेपर्यंत मला कुळथाचं कढण कसं करायचं ते सांगत बसले.

डॉक्टरांनी आधी बसवून सगळं विचारून घेतलं, कधीपासून, मार लागला होता का, लहानपणी गोळी वर राहिली होती का, घरात कोणाला होतं का, गालगुंड झालं होतं का. मग पडद्यामागे. सर्जन साहेबांनी लिहिलं तसंच झालं, चांगली बाजू आधी, उभं करून खोकायला लावलं, टॉर्च. त्यांनी माझंच बोट धरून तिथं ठेवलं आणि म्हणाले हे बघ, ही गोळी, ही तिच्या मागची नळी, आणि तुझी गाठ इथं, नळीच्या वरच्या टोकाला, गोळीपासून सुटी आहे, मध्ये बोट जातंय. एवढे दिवस मी काय दाबत होतो ते तेव्हा कळलं. तरी सोनोग्राफी कर म्हणाले. खालच्या मजल्यावरच सेंटर होतं, चिठ्ठी सरकवली ताई, तोंड उघडलं नाही, नंबर स्वतःचा दिला.

रिपोर्ट: डाव्या एपिडिडायमिसच्या वरच्या टोकाला सिस्ट, ७ मिलिमीटर. दोन्ही गोळ्या नॉर्मल, रक्तपुरवठा नॉर्मल. औषध काहीच दिलं नाही, मी दोनदा विचारलं नक्की काही नको का, तर म्हणाले वाढली किंवा दुखली तर ये, नाहीतर महिन्यातून एकदा बघत जा आणि गोळीतच कडक काही लागलं तर लगेच ये. सिस्टमुळे लग्नाला काही अडचण नाही हे पण त्यांनीच न विचारता सांगितलं, बहुतेक सगळेच विचारत असतील.

घरी सांगितलं नाही अजून. पण गावी गेलो की डॉक्टरकाकांना सांगणार आहे, आता सांगायला काही वाटत नाही. बघू त्यांच्या पोटात किती वेळ राहतं.

मिसळ_बिनतर्री

चहा होईपर्यंत 😂

पहिलटकर_बाबा

धागा संपत आलाय पण माझा एक प्रश्न आहे, नवीन काढत नाही. वर पाहुण्यांच्या डॉक्टरांनी विचारलं ना की लहानपणी गोळी वर राहिली होती का, त्यावरून. आमचा मुलगा अकरा महिन्यांचा आहे. एका बाजूला गोळी लागत नाही, जन्मल्यावर डॉक्टर म्हणाले होते उतरेल आपोआप. घरात सासूबाई म्हणतात चालायला लागला की उतरते. लसीकरणाच्या वेळी विचारायचं राहून जातं, तिथं रडारडीत काही सुचत नाही. याचा पुढे या आजाराशी संबंध असतो का? घाबरवू नका पण खरं सांगा.

सर्जन_तालुक्याचा

संबंध असतो. ज्यांची गोळी खाली उतरलेली नसते त्यांच्यात पुढे हा कॅन्सर व्हायची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, तरी एकूण आकडा लहानच. मूल होण्यावरही परिणाम होतो, कारण गोळीला शरीरापेक्षा थोडं थंड लागतं आणि पोटात तिला ते मिळत नाही. सहा महिन्यांपर्यंत उतरली तर उतरली, त्यानंतर आपोआप उतरायची शक्यता फार कमी. चालण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

एक करून बघा, बाळ कोमट पाण्यात शांत बसलेलं असताना बघा. तेव्हा दोन्ही खाली दिसत असतील तर कदाचित ती फक्त वर-खाली ओढली जाणारी गोळी असेल, तिला ऑपरेशन लागत नाही पण लक्ष ठेवावं लागतं. दिसली नाही तर या महिन्यातच लहान मुलांच्या सर्जनला दाखवा, पीडियाट्रिक सर्जन, बालरोगतज्ज्ञ वेगळे. साधारण सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान ऑपरेशन करून गोळी खाली आणून बसवतात, तुमच्याकडे वेळ आहे पण फार नाही. लहान ऑपरेशन आहे, बऱ्याच ठिकाणी त्याच दिवशी घरी सोडतात. आधी सोनोग्राफी करून आणा असं कोणी म्हटलं तरी त्यात वेळ घालवू नका, यात हाताने तपासणं जास्त महत्त्वाचं.

ऑपरेशन झाल्यावर डिस्चार्ज कार्ड फाइलला लावून ठेवा, मुलगा दहावी-बारावीला गेला की त्याला दाखवायचं आणि त्याच्या कोणत्या बाजूचं झालं होतं ते सांगायचं.

पहिलटकर_बाबा

धन्यवाद डॉक्टर. नाशिकमध्ये पीडियाट्रिक सर्जन कोणी सुचवेल का? व्यनि (खाजगी निरोप) केला तरी चालेल.